अर्जाचा मायना व शेवट : एक समालोचन

(१)

जुन्या दफ्तरांचे रुमाल सोडून बसणाऱ्या संग्राहकांची एक संवय सर्वांच्या परिचयाची आहे. पत्र हातीं आलें कीं दृष्टि पहिल्या दोन ओळी ओलांडून एकदम 'विशेष' या शब्दावर जाते, आणि खालीं 'बहुत काय लिहिणें' दिसलें कीं पत्र संपलें असें समजून कागद उलटला जातो. छापील साधनसंग्रहांतही पुष्कळ ठिकाणीं मायना गाळून मधला मजकूर तेवढा दिलेला आढळतो. कागदाची व छपाईची काटकसर हें त्याचें कारण असेल. परंतु त्यायोगें पत्राचें शिर व पाय कापले जाऊन नुसतें धड आपल्या हातीं येतें. उमेदवारांच्या अर्जांची दशा तर याहूनही वाईट. लढाई, तह, वतनाचा निवाडा यांपैकीं कांहींच ज्यांत नाहीं, असा नोकरी मागणारा कागद 'किरकोळ' या सदरांत पडतो, आणि बहुधा तेथेंच वाळवीच्या मुखीं जातो.

दुसऱ्या बाजूस, शाळेंतील पत्रलेखनाच्या पुस्तकांतून अर्जाचे जे नमुने मुलांकडून घोकून घेतले जातात, त्यांतील वर कोणास कसें संबोधावें व खालीं स्वतःस काय म्हणवून घ्यावें या दोन्ही गोष्टी कोठून आल्या, याचा विचार नमुने करणाऱ्यांनीं केलेला दिसत नाहीं. मीं स्वतः आटपाडीस आयुष्याचीं बरींच वर्षें मुलांना संस्कृत शिकविण्यांत आणि फावल्या वेळीं गांवच्या उमेदवारांचे अर्ज लिहून देण्यांत घालविलीं. या दोन्ही दोषांत माझाही वांटा आहे. म्हणून संग्राहकांची उपेक्षा व शिक्षकांचा निष्काळजीपणा या दोहोंचीही या लेखांत झडती घेण्याचें योजिलें आहे.

(२)

प्रथम शब्द पाहूं. 'मायना' हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ 'अर्थ, आशय' असा आहे. मराठींत तो पत्राच्या आरंभींच्या संबोधनास लागला, यांत मोठें मर्म आहे : पत्राचा अर्ध्याहून अधिक अर्थ संबोधनांतच उरकलेला असे. 'अर्ज' म्हणजे मांडणें, पुढें ठेवणें. 'अर्जदास्त' हें त्याचेंच फारशी वळणाचें रूप जुन्या कागदांत पदोपदीं भेटतें. 'उमेदवार' म्हणजे निव्वळ आशेवर असलेला. कचेरींत विनावेतन काम करीत, एखादी जागा रिकामी होईल या आशेनें बसून राहणें यास आपल्याकडे 'उमेदवारी करणें' म्हणत असत. हा शब्द ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

विषयाला शास्त्राचा आधार नाहीं असेंही नाहीं. श्यामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसूर येथें कौटिलीय अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केल्यापासून त्याच्या दुसऱ्या अधिकरणांतील शासनाधिकार हा अध्याय सर्वांस उपलब्ध आहे. त्यांत लेखाचे गुण सहा सांगितले आहेत : अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य व स्पष्टत्व. लेखाचीं प्रयोजनें तेरा गणलीं असून त्यांत निंदा, प्रशंसा, पृच्छा यांच्या बरोबरीनें 'अर्थना', म्हणजे मागणें, यास स्वतंत्र स्थान आहे. म्हणजे अर्ज हा लेखाचा एक स्वतंत्र प्रकार आहे, ही गोष्ट कौटिल्यास मान्य होती. संबोधनाविषयींही तो स्पष्ट आहे. ज्यास लिहावयाचें तो सत्ताधारी असल्यास त्याचा देश, ऐश्वर्य, वंश व नांव यांचा आदरानें उच्चार करावा. सत्ताधारी नसल्यास देश व नांव एवढेंच पुरे. त्यापुढें जाति, कुल, स्थान, वय, विद्या, कर्म, संपत्ति, शील इत्यादि पाहून पुरुषानुरूप लेख करावा, असें सांगून शेवटीं लेख संपल्याची खूण म्हणून 'इति' शब्द घालावा, असें तो म्हणतो. आपल्या पत्रांतील 'हे विनंति' हें या 'इति'चेंच काम करितें : त्यापुढें कोणी परक्या हातानें कांहीं जोडूं नये.

वररुचीच्या नांवावर असलेल्या पत्रकौमुदींत तर नांवामागें 'श्री' किती लावावे याचें कोष्टकच आहे : गुरूस सहा, स्वामीस पांच, शत्रूस चार, मित्रास तीन, सेवकास दोन, आणि पुत्र व भार्या यांस एकेक. मित्रापेक्षां शत्रूस एक 'श्री' अधिक, ही गोष्ट विनोदाची वाटेल. पण तिच्यांत शहाणपण आहे. जेथें स्नेह कमी तेथें उपचार अधिक लागतो. गुजराथेंतील 'लेखपद्धति' हा संस्कृत नमुनेपत्रांचा संग्रह १९२५ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्यामालेंत छापला गेला. आपल्याकडे हेमाडपंताच्या नांवावर सांगितलीं जाणारीं मेस्तकें याच जातीचीं आहेत, आणि शिवकालीन राज्यव्यवहारकोशांतील दहा वर्गांपैकीं एक लेखनवर्ग आहे. युरोपांतही अकराव्या-बाराव्या शतकांत इटलींतील पंडितांनीं पत्राचीं पांच अंगें ठरविलीं होतीं : अभिवादन, सद्भावसंपादन, निवेदन, याचना व समाप्ति. तात्पर्य, अर्ज कसा आरंभावा व कसा संपवावा, हा प्रश्न क्षुद्र आहे असें कोणत्याही प्रौढ राज्यव्यवहारानें मानिलेलें नाहीं.

(३)

आतां मराठी पत्राची रचना पाहूं. माथ्यावर 'श्री', त्याखालीं 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री अमुक स्वामींचे सेवेसी' असें ज्यास पत्र लिहावयाचें त्याचें संबोधन, लगेच 'सेवक अमुक कृतानेक साष्टांग नमस्कार विनंति उपरि' असा लिहिणाऱ्याचा निर्देश, मग उभयपक्षींचें कुशल, मग 'विशेष' म्हणून मुख्य मजकूर, आणि अखेरीस 'बहुत काय लिहिणें, लोभ असो दीजे, हे विनंति' अशी समाप्ति. स्वामीस लिहितांना 'विनंति'च्या जागीं 'विज्ञापना' येते आणि शेवट 'सेवेसी श्रुत होय हे विज्ञापना' असा होतो. उलटपक्षीं राजाकडून खालीं जाणाऱ्या पत्रांत 'आज्ञा केली ऐसीजे' असा आरंभ व 'जाणिजे' असा शेवट असतो. या बांधणीवर फारशी लेखनाची छाप किती व कशी पडली याची चर्चा राजवाडे यांनीं केलेली अभ्यासकांस ठाऊक आहेच. तिची येथें पुनरुक्ति करीत नाहीं.

लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, लिहिणाऱ्याचें नांव पत्राच्या माथ्यावर, वाचणाऱ्याच्या नांवाच्या शेजारीं असे. खालीं सही करण्याची चाल नव्हती. मजकूर कारकुनानें लिहावा आणि शेवटचे दोन शब्द धन्यानें स्वदस्तुरानें घालावेत, किंवा 'मर्यादेयं विराजते' अशा आशयाची मोर्तब उमटवावी, एवढीच खालची खूण. अर्थात् 'मी तुमचा कोण' हें विधान पत्राच्या आरंभींच होऊन जात असे. 'आपला अमुक' असें तळाशीं लिहून त्याखालीं सही करणें ही इंग्रजी अमदानींतील चाल होय. जो 'सेवक' शब्द पूर्वीं माथ्यावर होता तोच या अमदानींत तळाशीं उतरला.

संग्राहकांनीं मायना कां गाळूं नये याचें एक रोकडें कारण येथेंच सांगतों. पुष्कळ पत्रांत 'छ' घालून मुसलमानी महिना व चंद्र एवढेंच दिलेलें असतें, साल नसतें. अशा वेळीं कोणास 'राजश्री' म्हटलें आहे, कोणास 'श्रीमंत' म्हटलें आहे, लिहिणारा स्वतःस 'आज्ञाधारक' म्हणतो कीं नुसता 'स्नेहांकित' म्हणतो, यावरूनच त्या वेळीं दोघांचें नातें काय होतें हें ठरवितां येतें, आणि त्यावरून साल अजमावितां येतें. ज्यानें मायना गाळला त्यानें तारीखच गाळली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

(४)

आतां एक मतभेदाचा मुद्दा. हल्लींचा अर्ज व्यक्तीच्या नांवें न करितां 'मुख्याधिकारी', 'अध्यक्ष' अशा पदाच्या नांवें करितात. ही केवळ इंग्रजांची शिकवण, आपल्याकडे पत्र नेहमीं माणसाला असे, खुर्चीला नसे, असें विद्वान गृहस्थही म्हणतांना मीं ऐकिलें आहे. आणि कांहीं वर्षें माझेंही तेंच मत होतें. त्या मताच्या भरांत एका विद्यार्थ्याच्या अर्जावर मीं संबंधित अधिकाऱ्याचें नांव घालून वर 'राजमान्य राजश्री' असा घसघशीत मायना स्वहस्तें लिहून दिला. अर्ज पोहोंचेपर्यंत त्या अधिकाऱ्याची बदली झाली होती. खाजगी पत्र समजून तो लखोटा त्यांच्या मागोमाग दुसऱ्या गांवीं गेला, आणि मुदत टळल्यावर परत आला. विद्यार्थी कांहीं बोलला नाहीं. त्याच्या वडिलांनीं मात्र "गुरुजी, अक्षर फार सुंदर होतें," एवढेंच म्हटलें. तें वाक्य मी आजवर विसरलेलों नाहीं.

या प्रसंगानंतर मीं जुने छापील कागद पुन्हां चाळले, तेव्हां माझी चूक शास्त्रतःही चूक होती असें दिसून आलें. शिवकालीन 'अजरख्तखाने' या मायन्याचे कागद पहावेत. त्यांत हुकूम ज्यांस जातो ते 'कारकुनानी हाल व इस्तकबाल', म्हणजे त्या जागेवर सध्यां असलेले व पुढें येणारे कारकून, असे असतात. नांव नाहीं, पद आहे, आणि त्या पदावरील भावी माणूसही आधींच धरलेला आहे. पदास उद्देशून लिहिण्याची याहून नेटकी रीत कोणत्या भाषेंत सांपडेल? ही रीत दख्खनच्या सुलतानशाह्यांतून आपल्याकडे आली व इंग्रजांच्या कितीतरी आधीं येथें रुळली होती. फरक एवढाच कीं, पदाच्या नांवें लिहिण्याची चाल वरून खालीं जाणाऱ्या कागदांत दिसते. खालून वर जाणारी विज्ञापना व्यक्तीच्या नांवें होत असे, कारण देणारा व्यक्तिशः देत असे. देणें व्यक्तीच्या मर्जीवर न राहतां पदाच्या नियमावर आलें, तेव्हां मागणेंही पदाकडे वळलें. हा बदल भाषेंतला नसून राज्यपद्धतींतला आहे. आणि तो वाईट नाहीं.

(५)

समाप्तीच्या शब्दांविषयीं मात्र इंग्रजीचें ऋण निर्विवाद आहे, आणि तें ऋण डोळसपणें घेतलेलें नाहीं. इंग्रजी कचेरीपत्राच्या शेवटीं 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक होण्याचा मान मला आहे' अशा अर्थाचें एक ठरीव वाक्य येत असे. तें लिहिणारा पुष्कळदां वाचणाऱ्याहून वरचा असे. गव्हर्नरही तें लिही. म्हणजे तें एक उभयपक्षीं चालणारें नाणें होतें आणि त्याची अक्षरशः किंमत कोणी करीत नसे. आपण त्याचें भाषांतर 'आपला आज्ञाधारक सेवक' असें केलें, पण नाण्याची एकच बाजू घेतली. अर्जास आलेल्या मराठी उत्तराखालीं अधिकाऱ्यानें अर्जदाराचा 'आज्ञाधारक सेवक' म्हणून सही केल्याचें एकही उदाहरण माझ्या पाहण्यांत नाहीं. फारशी अर्जदास्तींतही 'बंदा', 'कमतरीन' असे शब्द असत, हें खरें. तेव्हां अतिनम्रतेचा दोष एकट्या इंग्रजीच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल.

या शब्दाविरुद्ध खरा आक्षेप नम्रतेचा नसून सत्याचा आहे. तो मला एका विद्यार्थिनीनें दाखवून दिला. अर्जाचा नमुना फळ्यावरून उतरून घेतांना ती म्हणाली, "अजून नोकरी तर लागली नाहीं, मग मी कोणाची आज्ञा धारण करितें?" जुन्या पत्रांतही 'आज्ञाधारक' हा चाकरींत असलेल्याचा शब्द आहे. जो केवळ आशेवर आहे तो आज्ञाधारक नव्हे, उमेदवार होय. चाकरी मिळण्यापूर्वींच चाकर म्हणवून घेणें ही नम्रता नसून शब्दाची चूक आहे.

'आपला विश्वासू' हा दुसरा भाषांतरित शब्द. हाही इंग्रजीच्या ठरीव समाप्तीवरून आला. मराठींत 'विश्वासू' हें दुसऱ्यानें द्यावयाचें प्रशस्तिपत्र आहे. 'गडी विश्वासू आहे' असें धनी म्हणतो. गडी स्वतः तसें म्हणूं लागल्यास धन्यानें किल्ल्या सांभाळाव्यात. 'कळावें' या शब्दाची गोष्ट थोडी निराळी. 'कळावें, लोभ असावा, हे विनंति' या तीन पायांच्या तिवईचा तो एक पाय आहे. उरलेले दोन काढून घेतल्यावर एकटा 'कळावें' उभा राहूं शकत नाहीं. वरिष्ठानें लिहिलेल्या 'जाणिजे' या शब्दाचा भास त्यांतून होतो. अर्जांत तो ठेवावयाचा तर त्यामागें 'विनंति' शब्द अवश्य यावा. वरचें 'महोदय' हें संबोधन संस्कृत आहे आणि निरुपद्रवी आहे. कान्यकुब्ज नगरीचें तें जुनें नांव होतें, हें आठवून मला तें वाचतांना अजून किंचित् हसूं येतें, पण तो दोष माझ्या शिक्षणाचा.

(६)

येथवर आल्यावर वाचकांस वाटेल कीं, हा लेखक नव्या मायन्यावर रुष्ट असून जुन्याची पुनःस्थापना करूं इच्छितो. तसें नाहीं; आणि कां नाहीं हें सांगणें प्रामाणिकपणाचें आहे.

जुन्या मायन्यांत लिहिणाऱ्यानें वंदन कोणत्या शब्दानें करावें हें त्याच्या मर्जीवर नव्हतें. ब्राह्मणानें 'नमस्कार', मराठ्यानें 'दंडवत' किंवा 'रामराम', महारानें 'जोहार', अशी वांटणी होती, आणि ती ओलांडणें हा अपराध समजला जाई. पेशव्यांच्या सांगण्यावरून मुंबईच्या कंपनी सरकारनें ९ ऑगस्ट १७७९ रोजीं सोनार ज्ञातीच्या लोकांस 'नमस्कार' हा शब्द वंदनार्थ वापरण्याची मनाई केली. एका शब्दासाठीं दोन सरकारांनीं लेखणी उचलावी, यावरून त्या शब्दांत काय सांठविलें होतें याची कल्पना येईल. स्त्रियांच्या बाबतींत 'सौभाग्यवती' व 'गंगाभागीरथी' हे शब्द नांवाआधीं पतीच्या हयातीची नोंद करीत. म्हणजे अर्जाची पहिली ओळ वाचतांच अर्जदाराची जात, पायरी व स्त्री असल्यास तिचें वैधव्य हीं सर्व कळून चुकत. त्याची योग्यता मात्र 'विशेष' येईपर्यंत कळत नसे.

याच आटपाडींत १९२१ सालीं शंकरराव खरात यांचा जन्म झाला. तराळकीचें काम करणाऱ्या घरांतला हा मुलगा पुढें वकील झाला, नामांकित लेखक झाला व मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरु झाला. त्यांच्या 'तराळ-अंतराळ' या आत्मचरित्राच्या नांवांतच तो प्रवास आहे. गांवच्या रीतीनें त्यांच्या वाडवडिलांच्या वांट्यास जें वंदन आलें असतें, तें 'जोहार' होय. 'महोदय' व 'आपला' या दोन कोरड्या, बिनरंगी शब्दांनीं तें ओझें अर्जाच्या कागदावरून तरी उतरविलें. माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसास 'अखंडितलक्ष्मीअलंकृत' या शब्दाचा नाद गोड वाटतो. परंतु तो गोडवा कोणाच्या खर्चानें मिळत होता, हेंही इतिहास लिहिणाऱ्यानें मांडावयास पाहिजे. नवा मायना नीरस आहे, हा त्याचा दोष नव्हे. तोच त्याचा गुण आहे.

(७)

शेवटीं आमच्या भागाकडे. आटपाडी महाल औंध संस्थानांत होता. संस्थानाचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं जानेवारी १९३९ मध्यें प्रजेस स्वराज्याची घटना दिली, आणि गांवपंचायतींस अधिकार मिळाले. तोंवर 'सरकार' हें संबोधन वर औंधाकडे पाहून लिहिलें जात असे. या घटनेनंतर पुष्कळ मागण्या आपणच निवडून दिलेल्या शेजाऱ्यांपुढें मांडावयाच्या झाल्या. ८ मार्च १९४८ रोजीं संस्थान विलीन झालें. पुढें दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्यास १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमानें मराठीस राज्यकारभाराच्या भाषेचें स्थान दिलें. म्हणजे एकाच गांवच्या एकाच माणसास आपल्या हयातींत संस्थानाधिपति, पंचायत, मुंबई सरकार व महाराष्ट्र शासन अशा चार निरनिराळ्या दारीं अर्ज करावे लागले असतील. त्या चारही अर्जांचे मायने एका ओळींत मांडून पाहिल्यास राज्य कसें बदललें हें जितकें कळेल, तितकें फर्मानांवरूनही कळणार नाहीं. कारण फर्मानांत राज्यकर्ता स्वतःस काय समजे तें असतें, आणि अर्जांत प्रजा त्यास काय समजे तें असतें.

म्हणून संग्राहकांस माझी विनंति अशी. माण व खटाव तालुक्यांत, आटपाडी, औंध व कुंडल या भागांत जुन्या घरांतून अर्जांच्या नकला अजून पडून असतील. घरें पाडून नवीं बांधितांना त्या रद्दींत जातात. त्या 'किरकोळ' म्हणून टाकूं नयेत. नक्कल करितांना माथ्यावरील 'श्री'पासून शेवटच्या अक्षरापर्यंत, संक्षेपचिन्हांसह करावी. यादींत 'अर्ज, नोकरीविषयीं' एवढेंच न लिहितां संबोधन व समाप्ति हीं दोन्ही तंतोतंत उतरावीं. मोडी वाचणारे हात दिवसेंदिवस थोडे होत आहेत. हें काम पुढें ढकलण्यासारखें नाहीं.

आणि जे आज अर्ज लिहितात व जे त्यांना लिहावयास शिकवितात त्यांस एवढेंच. वर पद लिहावें, कारण माणूस बदलतो. संबोधन एकच असावें. मागणें कौटिल्याच्या सहा गुणांपैकीं निदान अर्थक्रम व स्पष्टत्व हे दोन साधून मांडावें. बाकीचे चार नसले तरी चालेल. शेवट 'ही विनंति' या शब्दांनीं करावा. खालीं 'आज्ञाधारक' नको, 'विश्वासू' नको. 'अर्जदार' एवढा शब्द लिहून सही करावी. हा शब्द जुन्या दफ्तरांतला आहे, नव्या कचेरींत चालतो, त्यांत जात नाहीं, पायरी नाहीं, स्त्री-पुरुष असा भेद नाहीं, आणि मुख्य म्हणजे तो खरा आहे. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या अर्जावर हाच शब्द व पदाचें नांव मीं घातलें असतें, तर त्याचें एक वर्ष वांचलें असतें. विद्वानांनीं या टिपणांतील दोष दाखवावेत, हे विनंति.